एकसष्ट टक्के अण्णा

डॉ. मेघना मगदूम यांच्या मिरजेतल्या क्लिनिकच्या दारावर परिषदेची पाटी लागली, त्या दिवशीच्या पहिल्या रुग्णानं ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि आत येऊन मेघनाच्या मदतनीस शबानाला विचारलं, "हे भूपाल मगदूम कुठल्या विद्यापीठाचे?"

"ते विद्यापीठाचे नाहीत," शबाना म्हणाली. "पाटबंधारे खात्याचे."

पाटीवर लिहिलं होतं : 'व्यावसायिक पार्श्वभूमी. विद्यापीठीय शिक्षण, सतरा टक्के. रुग्णालयातील अनुभव, बावीस टक्के. वडील श्री. भूपाल मगदूम, एकसष्ट टक्के.' खाली राज्य मज्जामानस परिषदेचा शिक्का आणि बारीक अक्षरांत सूचना, की ही पाटी काढणं, झाकणं किंवा तिच्यासमोर कुंडी ठेवणं नियमबाह्य आहे. कुंडी ठेवायचा विचार मेघनाच्या मनात आला होता. तो परिषदेच्या मनात आधीच येऊन गेलेला दिसत होता.

ही वेळ डॉक्टर, वकील, सगळ्याच खासगी व्यावसायिकांवर आली होती, आणि सगळ्यांचं मोजमाप याच परिषदेकडे होतं. कागदाच्या पदवीला किंमत उरली नव्हती. कुणाच्याही फोनला सांगितलं की तो पदवी, गुणपत्रिका, पदवीदान समारंभाचा फोटो आणि 'हा माझा आवडता विद्यार्थी' असं सांगणाऱ्या प्राध्यापकाचा व्हिडिओसुद्धा चहा उकळायच्या आत तयार करून द्यायचा. तेव्हा परिषदेनं ठरवलं, की कागदाला विचारायचं नाही, मेंदूलाच विचारायचं. त्यासाठी यंत्र आलं. त्याचं नाव मूळमापक.

त्यामागचं शास्त्र मेघना आपल्या रुग्णांना सायकलचं उदाहरण देऊन सांगायची. आपण सायकल शिकतो तेव्हा शिकण्याचा प्रसंग मेंदूच्या आतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात नोंदला जातो. मागे सीट कुणी धरली होती, कुठल्या मैदानावर, कोण हसलं, हे सगळं. सराव झाला की कौशल्य मेंदूच्या दुसऱ्या भागांत मुरतं आणि तो प्रसंग लागेनासा होतो. तो पुसला जातो असंच शास्त्रज्ञ धरून चालले होते. मग मज्जापेशींचं अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून टिपणारे संवेदक आले, साध्या हेल्मेटमध्ये मावणारे. त्यांनी दाखवून दिलं, की जुनं कौशल्य चालू असताना तो पहिला प्रसंग क्षणभर उजळतोच. मालकाला पत्ता नसतो. पण पन्नास वर्षं सायकल चालवणाऱ्याच्या डोक्यात सीट धरणारा हात अजून असतो.

मूळमापकाला आधी तुमची माणसं, जागा आणि आवाज दाखवायचे, म्हणजे कुठला प्रसंग उजळला की मेंदूत कशी आकृती उमटते हे त्याला कळतं. मग हेल्मेट घालून आपलं नेहमीचं काम करायचं. काम करताना आतून कोण कोण डोकावतं ते यंत्र टिपतं आणि हिशेब लावतं. त्याच्याशी लबाडी करता येत नाही, कारण आपल्या आत कोण बसलंय हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

मेघनाला मात्र निकाल पाहताक्षणी कळलं, की यंत्र चुकलेलं नाही. आणि त्याचाच तिला राग आला.

ती न्यूरोसायकॉलॉजिस्ट होती. गावात लोक 'मेंदूच्या डॉक्टरीणबाई' म्हणत, पण ती गोळ्या देत नसे आणि कवटीही उघडत नसे. अपघात, पक्षाघात किंवा म्हातारपण यांनी माणसाच्या स्मरणशक्तीचं, लक्षाचं, भाषेचं काय बिघडलं आणि काय शाबूत राहिलं, हे ती चाचण्या घेऊन सांगायची. त्यात तिचं नाव झालं ते एका खास कामासाठी. विसरल्याचं सोंग करणारा माणूस तिच्यासमोर टिकत नसे. विमा कंपन्या आणि कोर्टं थेट नागपूरहून माणसं पाठवत. तिचा नवरा राजन जहाजावर इंजिनिअर होता आणि वर्षातले बरेच महिने समुद्रावर असायचा. 'म्हणून आमचा संसार सुखाचा आहे,' असं तो मित्रांना सांगे.

सोंग ओळखायची एक शास्त्रीय चाचणी होती, आणि ती फार साधी होती. पन्नास चित्रं दाखवायची. मग प्रत्येक वेळी दोन चित्रं समोर ठेवून विचारायचं, यातलं आधी कुठलं पाहिलंत? ज्याची स्मरणशक्ती खरोखर गेलीये तो नुसता अंदाज करतो, आणि अंदाजानं निम्मी उत्तरं बरोबर येतातच. सोंग करणारा मात्र विसरल्याचं ठसवायला मुद्दाम चुकीचं चित्र निवडतो आणि निम्म्याच्याही खूप खाली घसरतो. इतकं चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं. ही चाचणी सगळेच घेत. पण मेघनाला बहुतेक वेळा माणूस खुर्चीत बसताबसताच कळायचं, आणि ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

ते अण्णांमुळे होतं.

भूपाल मगदूम पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि त्यांच्या आजारपणांची खात्यात ख्याती होती. पाठ धरणे, चक्कर येणे, अर्धं डोकं दुखणे हे नेहमीचं. एकदा वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांसमोर त्यांना स्वतःचं नाव आठवेना, आणि साहेबांनीच स्वतःच्या गाडीतून त्यांना घरी पोहोचवलं. ते गेल्यावर अण्णांनी लुंगी लावली आणि अंगणात शेजाऱ्यांबरोबर कॅरम मांडला. छोटी मेघना हे सगळं दाराआडून पाहायची. अण्णांना खरं दुखलं की ते घरच्यांवर डाफरायचे. खोटं दुखलं की अतिशय गोड व्हायचे आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला क्षीण आवाजात विचारायचे, "तुम्ही जेवलात का?" दहा वर्षांची होईतो मेघनाला वडिलांचा आजार उंबऱ्यावरूनच ओळखता यायला लागला होता. पुढच्या सगळ्या पदव्या त्यावर चढल्या.

पाटी लागल्याची बातमी जयसिंगपूरला पोहोचायला वेळ लागला नाही. आई गेल्यापासून अण्णा तिथं एकटेच राहत. दुसऱ्याच दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून क्लिनिकमध्ये हजर झाले. पाटीसमोर उभे राहिले. फोनवर फोटो काढला. मग स्वतः पाटीशेजारी उभे राहिले आणि शबानाला फोटो काढायला लावला.

"अण्णा, ही शरमेची गोष्ट आहे," मेघना म्हणाली.

"कुणाच्या?"

"माझ्या. मी एवढी वर्षं शिकले, परदेशात काम केलं…"

"ते बावीस टक्क्यांत आलं की गं," अण्णा म्हणाले.

आठवड्याभरात त्यांनी कार्ड छापून आणली : 'भूपाल मगदूम. डॉ. मेघना मगदूम यांचे एकसष्ट टक्के.' आणि ते रोज येऊ लागले. सकाळच्या बसनं यायचे, बाहेरच्या खोलीत पंख्याखालची खुर्ची पकडायचे, येणाऱ्या रुग्णांची चौकशी करायचे, दुपारी शबानाच्या डब्यातलं जेवायचे आणि संध्याकाळी शबाना त्यांना बसमध्ये बसवून द्यायची. रुग्णांना ते आवडत. अर्धांगानं बोलणं गेलेल्या एका सराफांना त्यांनी पहिल्यांदा हसवलं. मेघनाला वाटलं, करमत नाही, बसूदे. चार दिवसांत कंटाळतील.

अण्णा कंटाळले नाहीत. आणि मग सुहास नलवडे आला.

नलवडेला ड्रायव्हरविना चालणाऱ्या दुधाच्या गाडीची धडक बसली होती. धडक म्हणजे गाडीनं त्याला हळूच ढकललं होतं आणि त्याची माफी मागितली होती. पण त्याचं म्हणणं, तेव्हापासून त्याची स्मृती गेली. दूध संघाच्या विमा कंपनीनं त्याला मेघनाकडे पाठवलं. आधीचा रुग्ण लांबला म्हणून नलवडेला बाहेर बराच वेळ बसावं लागलं. पंख्याखाली अण्णा होते.

आत आल्यावर नलवडेनं जे काम केलं, ते पाहून मेघना थक्क झाली. त्यानं डोळे मिचकावले नाहीत, कपाळावर हात मारला नाही, 'काहीच आठवत नाही हो' असं रडगाणं गायलं नाही. बायकोचं नाव विचारल्यावर ओठांवर आलेलं निसटल्यासारखा थांबला, ओशाळला आणि हसला. चित्रांच्या चाचणीत एक उजवं, एक डावं अशी बोटं ठेवत गेला आणि बरोबर निम्म्यावर येऊन थांबला. शबाना आकडे घेऊन आली तेव्हा तिचाही चेहरा पडला होता. "मॅडम, हा खराच दिसतोय."

मेघनालाही तसंच वाटू लागलं होतं. अहवालाची पहिली ओळ तिच्या डोक्यात तयार झाली होती. तेवढ्यात नलवडे उठताना दारापाशी वळला आणि क्षीण, गोड आवाजात म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही जेवलात का?"

मेघनानं पेन खाली ठेवलं.

"बसा, नलवडे," ती म्हणाली. "बाहेरच्या काकांनी अजून काय काय शिकवलं?"

नलवडे दहा मिनिटं टिकला. मग सगळं सांगून मोकळा झाला. काका फार प्रेमळ आहेत, त्यांनी एक पैसा घेतला नाही, घाई करू नको म्हणाले, नाणं उडवल्यासारखी उत्तरं दे म्हणाले. शेवटचं वाक्य त्यांचं खास आहे, ते विसरू नको, असंही म्हणाले.

तो गेल्यावर मेघनानं अण्णांना आत बोलावलं. शबाना कपाटापाशी फायली लावत होती. तिला बाहेर जायचं होतं, पण वाट अण्णांच्या खुर्चीनं अडवलेली होती.

"अण्णा, त्या माणसाला तुम्ही शिकवलंत?"

"कुठल्या माणसाला?" अण्णांनी शबानाकडे पाहिलं.

"नलवडे. आत्ता गेला तो. निळा शर्ट."

"निळा शर्ट," अण्णा म्हणाले, पुन्हा शबानाकडे पाहत. "हां, निळा शर्ट. काय झालं त्याला?"

"तुम्ही त्याच्याशी बोलत होतात."

"मी सगळ्यांशीच बोलतो की."

"काय बोललात?"

अण्णांनी तिसऱ्यांदा शबानाकडे पाहिलं. शबाना फायलींत तोंड घालून उभी होती. "मला नाही आठवत," अण्णा म्हणाले.

मेघनाचा पारा चढला. "माझ्यासमोर हे? माझ्यासमोर, अण्णा? माझं लायसन जाईल, कळतंय का तुम्हाला? उद्यापासून इथं यायचं नाही."

अण्णा डाफरले नाहीत. गोडही झाले नाहीत. उठले, आपली पिशवी घेतली आणि निघाले. बसस्टॉपपर्यंत सोडायला शबाना मागे धावली.

नलवडे कोडगा निघाला. विम्याचा दावा फेटाळला गेल्यावर त्यानं परिषदेकडे तक्रार केली, की डॉ. मगदूम यांच्या क्लिनिकमध्ये सोंगाची शिकवणी चालते, शिकवणारे डॉक्टरांचे वडील आहेत आणि त्यांचं नाव पाटीवर लावून तशी जाहिरातही केलेली आहे. परिषदेनं सांगलीत सुनावणी ठेवली आणि अण्णांनाही हजर राहायला सांगितलं. मुद्दा सरळ होता. अण्णांनी जाणूनबुजून शिकवलं असेल, तर क्लिनिकची मान्यता जाणार.

काही दिवस मेघना रागातच होती. मग रविवारी ती जयसिंगपूरला गेली. अण्णांनी साक्षीत काय बोलायचं ते ठरवायला हवं होतं.

अण्णांनी दार उघडलं आणि हात पसरले. "या, या! वाट चुकलात की काय, डॉक्टर!" घर लख्ख होतं. अण्णांची दाढी गुळगुळीत होती. ते सोफ्यावर ऐसपैस बसले.

"तब्येत कशी आहे?"

"एकदम झकास. तुझ्या पेशंटना देऊन उरेल एवढी."

"आज काय केलंत जेवायला?"

"तुझ्या आईच्या हातचं असतं तर चव सांगितली असती! आता काय, पोट भरायचं."

"काल कोण आलं होतं?"

"आमच्याकडं कोण येतंय गं, आम्ही काय मंत्री आहोत?" अण्णा खदखदून हसले.

मेघनाही हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आल्यापासून तिनं जेवढं विचारलं त्यातल्या एकाचंही उत्तर तिला मिळालेलं नाही. प्रत्येक प्रश्नाला विनोद मिळाला होता. चहा करते म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. कपाट उघडलं, तर चहापत्तीचे न फोडलेले पुडे वरपासून खालपर्यंत रचलेले. दुकान मांडता आलं असतं. शेगडीवर धूळ होती. दुपारचं जेवण, आज वार कुठला ते सांगणारं कुणीतरी आणि संध्याकाळी बसमध्ये बसवून देणारा हात, हे सगळं त्यांना क्लिनिकमध्ये मिळत होतं. आणि तिनं ते बंद केलं होतं.

ती तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली. आजारी असल्याचं सोंग ती झोपेतही ओळखत असे. बरं असल्याचं सोंग तिनं या माणसाकडून कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या शिक्षणात तो धडा राहिला होता.

बाहेर येऊन ती त्यांच्या शेजारी बसली. "अण्णा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अण्णा."

अण्णांनी तोंड उघडलं. एखादा विनोद शोधत असावेत. तो सापडला नाही. खांदे खाली आले.

"दिवाळीच्या आधीपासून असेल," ते म्हणाले. "बसचा नंबर जायचा डोक्यातून. मग गॅस. एकदा तुझं घर. म्हटलं सांगावं तुला. तेवढ्यात ती पाटी लागली."

"पाटीचा काय संबंध?"

"तुझं एकसष्ट टक्के शिक्षण म्हणजे मी. असं सरकारनं लिहून दिलंय. आता मीच विसरायला लागलो असं बाहेर कळलं, तर तुझ्याकडे उरतं काय? एकोणचाळीस. एकोणचाळीस टक्क्यांच्या डॉक्टरकडे कोण येणार?"

मेघनाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि तिला दोन्ही आवरेना. "अण्णा, माझ्या कॉलेजची इमारत पाडून तिथं मॉल झालाय. माझी पदवी परत मागायला कुणी आलं नाही."

"नाही आलं?"

"नाही."

"मग बरंय," अण्णा म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी निवांत टेकून बसले.

परिषदेसमोर खरं ते सांगायचं असं ठरलं. शिकवलं असेल, आठवत नाही, विसरायला होतंय. एवढंच. अण्णांनी मान डोलावली. "खरं बोलायचं. त्यात काय अवघड आहे?"

सुनावणीच्या दिवशी ते अगदी तयार होते, लांबलचक टेबलामागे तीन साहेब एका रांगेत बसलेले दिसेपर्यंत. त्यांना पाहताच अण्णांची पाठ ताठ झाली आणि चेहऱ्यावर तेज आलं.

अध्यक्ष डॉ. हुल्याळकर सज्जन, थोडे थकलेले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "मगदूमसाहेब, तुम्हाला विस्मरण होतं असं तुमच्या मुलीचं निवेदन आहे. खरंय का?"

"साहेब, विस्मरण होत असतं तर इथं वेळेवर आलो असतो का?"

दोन्ही सदस्य हसले.

"आज तारीख काय आहे?"

"सरकारी कामाला तारीख पे तारीख, साहेब. कुठली सांगू?"

आता हुल्याळकरही हसले. महिना विचारला तर अण्णा म्हणाले, "या उकाड्यात महिना कशाला विचारायला हवा?" शिक्षण विचारलं तर त्यांनी खात्यातल्या एका बदलीचा असा किस्सा सांगितला, की एका सदस्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शिपायानं न मागता अण्णांसाठी चहा आणला.

हुल्याळकर गंभीर झाले. "डॉ. मगदूम, आपले वडील ठणठणीत दिसतात. म्हणजे त्यांनी जे केलं ते समजून-उमजून केलं असा निष्कर्ष निघतो. तुम्हाला काही म्हणायचंय?"

"हो," मेघना उभी राहिली. "माझे वडील सोंग करताहेत."

"विस्मरणाचं?"

"नाही. विस्मरण नसल्याचं."

हुल्याळकरांनी शेजारच्या सदस्याकडे पाहिलं. "म्हणजे ते खरं बोलत नाहीत."

"नाही."

"आणि ते सोंग करतात, म्हणून ते आजारी आहेत."

"हो."

"बाई, जो सोंग करतो तो आजारी नाही, असं आम्ही तीस वर्षं शिकत आलोय."

"मीसुद्धा," मेघना म्हणाली. "त्यामुळेच मला कळायला एवढा उशीर झाला."

"सिद्ध करू शकाल?"

ते सोपं होतं. तीन प्रश्न, विनोदाला फट न ठेवता विचारलेले, की दोन मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. तिचं रोजचं काम होतं ते. तिनं अण्णांकडे पाहिलं. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, आणि चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी होतं. तीन साहेबांसमोर हा माणूस आपल्या लेकीचे एकसष्ट टक्के सांभाळत बसला होता.

"नाही," ती म्हणाली. "मी माझ्या वडिलांची परीक्षा घेणार नाही. हवं तर मान्यता काढून घ्या."

मेघना टेबलाला वळसा घालून अण्णांजवळ गेली, खुर्ची ओढून बसली, आणि त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"अण्णा, दमलात ना?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. हसू हळूहळू उतरलं. "होय गं," ते म्हणाले. "लई दमलो." मग ते तिच्या कानाशी वाकले. पण मैफल रंगात असताना लागलेला आवाज अजून खाली आला नव्हता, त्यामुळे तिघांनाही स्वच्छ ऐकू गेलं. "ही माणसं कोण आहेत? आपण कुणाच्या लग्नाचं बघायला आलोय का?"

कुणी हसलं नाही. हुल्याळकरांनी समोरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "मगदूमसाहेब, तुम्ही आमच्याकडे आलात, आम्हाला आनंद झाला."

निकाल आठवड्यानं आला. अण्णांवर कुठलाही ठपका नव्हता. डॉ. मगदूम यांना समज देण्यात आली होती, आणि यापुढे राज्यातल्या कुठल्याही व्यावसायिकाचं 'मूळ' त्याच्या बाहेरच्या खोलीत बसवू नये, असा एक नवा नियमही केला गेला होता. त्यापायी कोल्हापुरातल्या एका वकिलांना सासूबाईंना घरी पाठवावं लागलं, आणि त्यांनी मेघनाला फोन करून आभार मानले.

पण हे नंतरचं. त्या दिवशी सुनावणीतून बाहेर पडल्यावर अण्णांना नदी बघायची होती. सांगलीच्या घाटावर दुपारचं ऊन कलतं होतं. मेघनानं भडंग घेतलं आणि दोघं पायऱ्यांवर बसली. समोर आयर्विन पूल होता. तिनं राजनला निरोप पाठवला, की अण्णा आता आपल्याकडे राहतील. उत्तर लगेच आलं : 'उत्तम. घरात कुणीतरी मला साथ देणारं हवंच होतं.' सांगलीतल्या एका सहकाऱ्याची वेळ घेतली. विस्मरणाची चाल मंद करणारं औषध आता मिळत होतं. गेलेलं परत आणणारं मिळत नव्हतं.

अण्णा पुलाकडे बघत म्हणाले, "त्या पुलावर तुझी आई पहिल्यांदा भेटली. तिची चप्पल पाण्यात पडली. मी माझी दिली आणि अनवाणी घरी गेलो."

ही गोष्ट मेघनानं कधी ऐकली नव्हती. तिनं भडंग खाल्लं. थोड्या वेळानं अण्णा पुन्हा पुलाकडे बघत म्हणाले, "त्या पुलावर तुझी आई पहिल्यांदा भेटली. तिची चप्पल पाण्यात पडली."

"मग?"

"मग काय, मी उडी मारली."

अण्णांना पोहता येत नव्हतं. पावसाळ्यात ओढा ओलांडायचा म्हटलं तरी ते जांभया देत घरी थांबायचे. आयुष्यभर माणसांना खोटं बोलताना पकडणारी मेघना पायरीवर मागे रेलली. भडंगाचा पुडा तिनं त्यांच्यापुढे सरकवला.

"उडी मारली," अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती, आणि तीन साहेबांसमोरची ती चमक नव्हती. "आणि बघतो तर काय, चपलेच्या पलीकडे मगर."

कृष्णेवरून वारा आला. मेघनानं पदर सावरला आणि त्यांच्याकडे पूर्ण वळून बसली.

"केवढी होती?" तिनं विचारलं.

अण्णांनी दोन्ही हात पसरले. पुरेनात, तेव्हा ते पायरीवरून उठून उभे राहिले.